मंगळावर आधी खणा, मग उतरा

भर उन्हाळ्यात करपलेल्या माळावर हरळीची मुळं जमिनीत तगून असतात. वाढत नाहीत, पसरत नाहीत, नुसती थांबलेली असतात. मृगाच्या सरी आल्या की ती जगायला लागतात. तगणं आणि जगणं यांतला फरक कुठल्याही शेतकऱ्याला समजावून सांगावा लागत नाही. मंगळावरच्या जीवसृष्टीची चर्चा मात्र वर्षानुवर्षं या दोन क्रियापदांची गल्लत करत चालली आहे. आता तिथे माणूस पाठवायच्या गोष्टी उघडपणे होऊ लागल्यात, त्यामुळे ही गल्लत महागात पडणार आहे.

‘मंगळावर जीव जगू शकतो’ अशा मथळ्याखालचे प्रयोग नीट वाचले तर बहुतेक तगण्याचे निघतात. गोड्या मसाल्यात आपण जे दगडफूल घालतो, त्याच्याच जातकुळीतली एक नारिंगी दगडफुलाची जात, झँथोरिया एलेगन्स, २००८-०९ मध्ये अंतराळस्थानकाच्या बाहेर दीड वर्ष ठेवली होती. परत आणून ओली केल्यावर ती पुन्हा कामाला लागली. डिनोकॉकस नावाचे जिवाणू तर वाळवून, थर करून तीन वर्षं बाहेर ठेवले. वरचा थर मेला, त्याच्या आडोशाने आतले वाचले, आणि थर साधारण अर्धा मिलिमीटर जाड असला तरी तेवढं पुरलं. दोन्ही प्रयोग अस्सल आहेत. पण त्या तीन वर्षांत एकाही पेशीची दुसरी पेशी झाली नाही.

खऱ्या अर्थाने वाढीचा प्रयोग २०१३ चा. सायबेरियाच्या गोठलेल्या मातीतले काही जिवाणू ७ मिलिबार दाब, शून्य अंश तापमान आणि कार्बन डायऑक्साइडची हवा अशा पेटीत ठेवले, आणि ते वाढले. मोठी गोष्ट होती. मात्र ते ओल्या, पोषक द्रव्यं घातलेल्या अगार या जेलीच्या थाळीवर होते. दाब मंगळाचा, हवा मंगळाची, पण ताटात वाढलेलं जेवण पृथ्वीचं.

हा फरक शब्दच्छलाचा नाही. मंगळावर शेती, वस्ती, शहर असं काही हवं असेल तर तिथे जगता आलं पाहिजे. मंगळ नासवायला मात्र तगणं पुरतं. आपल्या बुटाला चिकटून गेलेला, तिथे कधीही न वाढणारा जिवाणूसुद्धा तिथल्या पुराव्यात मिसळला की ‘इथे मूळचं काही होतं का’ या प्रश्नाचं उत्तर गढूळ करून ठेवतो. म्हणून माझं म्हणणं थोडक्यात असं: मंगळाच्या मध्य-अक्षांशांवर जमिनीखाली असलेल्या बर्फाच्या पट्ट्यात निर्जंतुक यंत्राने किमान दोन मीटर खोल खणून, सापडेल ते तपासून होईपर्यंत त्या पट्ट्यात माणूस उतरवू नये. दुसरीकडे उतरायचं तर खुशाल उतरावं.

आधी पृष्ठभागाचं बघू, कारण तिथला हिशेब बराचसा मिटलेला आहे. मंगळाच्या हवेचा दाब सरासरी ६ मिलिबार. आपल्याकडे समुद्रसपाटीला तो १०१३ असतो. आता पाण्याची एक अडचण अशी, की ६.११ मिलिबारच्या खाली शुद्ध पाणी द्रवरूपात राहतच नाही. बर्फ तापला की थेट वाफ. मंगळाचा सरासरी दाब नेमका या रेषेवर लटकलेला आहे. हेलास नावाच्या सात किलोमीटर खोल खळग्यात दाब बाराच्या आसपास जातो, म्हणजे तिथे पाणी तत्त्वतः द्रव राहू शकतं. पण तिथेही ते दहा अंशांच्या आसपास उकळायला लागेल, आणि रात्री गोठेल. सरासरी तापमान उणे ६० अंश. विषुववृत्तावर दुपारी जमिनीचा वरचा पापुद्रा २० अंशांपर्यंत तापतो, त्याच रात्री उणे ७०-८० वर उतरतो.

‘मग खारं पाणी?’ असा पुढचा प्रश्न येतो, आणि तो रास्त आहे. २००८ मध्ये फिनिक्स यानाने मंगळाच्या उत्तर भागातल्या मातीत अर्धा टक्क्याच्या आसपास परक्लोरेट क्षार शोधले. हे क्षार हवेतली ओल ओढून स्वतःच विरघळतात, मिठाची बरणी पावसाळ्यात पाझरते तसे. त्यांचं द्रावण उणे ७० च्या आसपासही गोठत नाही. म्हणजे मंगळावर द्रव असू शकतो. पण द्रव असणं वेगळं आणि त्यातलं पाणी जीवाला मिळणं वेगळं. मुरांब्याचं उदाहरण घ्या. पक्क्या पाकात पाणी असतंच, तरी त्यावर बुरशी धरत नाही, कारण साखरेने ते पाणी बांधून ठेवलेलं असतं. पाक कच्चा राहिला की आठवड्याभरात पांढरी बुरशी. या ‘मोकळ्या’ पाण्याच्या मापाला पाण्याची सक्रियता म्हणतात. शुद्ध पाण्याची १, मिठाच्या संपृक्त द्रावणाची ०.७५, आणि आजवर पृथ्वीवर वाढताना दिसलेल्या सर्वांत चिवट बुरशीची तळरेषा ०.५८५. तापमानाची तळरेषाही अशीच: उणे १८ अंशांखाली पेशी विभागल्याची नोंद नाही.

आता या दोन रेषा मंगळावर लावून बघायच्या. तिथली माती दुपारी तापते तेव्हा हवा इतकी कोरडी होते की क्षारांना ओल मिळत नाही. पहाटे हवेतली ओल क्षारांना मिळण्याजोगी होते तेव्हा थंडी मरणाची असते. २०२० च्या एका सविस्तर गणितानुसार मंगळाच्या पृष्ठभागावर खारं पाणी टिकलं तरी त्याचं तापमान उणे ४८ च्या वर जात नाही. एका बाजूला ऊब, दुसऱ्या बाजूला ओल, आणि दोघींची भेटच होत नाही. २०११ पासून उतारांवर दिसणाऱ्या काळपट ओघळांनी मधे बरीच आशा लावली होती. २०१५ मध्ये त्यांत ओलसर क्षार सापडल्याचं जाहीर झालं, आणि २०१७ मध्ये उतारांचे कोन मोजल्यावर ती घसरणारी कोरडी वाळू असावी असं दिसलं.

वर अतिनील किरण आहेत. ओझोनचं छत्र नाही, त्यामुळे जे किरण आपल्याकडे वैद्यकीय उपकरणं निर्जंतुक करायला वापरतात ते तिथे दिवसभर मोकळे पडतात. त्यांत परक्लोरेट मिसळलं तर बॅसिलस सबटिलिससारखा जिवाणू काही मिनिटांत मरतो, हे २०१७ मध्ये प्रयोगशाळेत दिसलं. अतिनील किरणांना मिलिमीटरभर धूळही अडवते, हा त्यातला उलटा भाग. त्याच्याकडे पुढे येऊ. वैश्विक किरणांना धूळ अडवत नाही. क्युरिऑसिटी रोव्हरवरच्या उपकरणाने रोजचा मारा ०.६७ मिलिसिव्हर्ट (किरणांनी शरीराला पोचणाऱ्या इजेचं माप) मोजला, म्हणजे वर्षाला साधारण २४५. पृथ्वीवर नैसर्गिक सरासरी २.४ आहे. चालत्याफिरत्या जिवाणूला हे विशेष नाही, तो रोजचं नुकसान रोज दुरुस्त करतो. झोपलेल्याला मात्र दुरुस्ती करता येत नाही, आणि नुकसान साचत जातं. वाळवून गोठवलेला डिनोकॉकस १ लाख ४० हजार ग्रे (शोषलेल्या किरणांचं माप) इतका मारा सोसतो. मंगळाच्या पृष्ठभागावर वर्षाला ०.०७६ ग्रे पडतो. भागाकार केला तर अठरा लाख वर्षं येतात. ऐकायला भरपूर वाटतात, पण मंगळावरच्या नद्या आटून तीन अब्जांहून जास्त वर्षं झाली. दहा मीटर खोल हाच जिवाणू २८ कोटी वर्षं काढील असा २०२२ चा अंदाज आहे. म्हणजे मधूनमधून एखाद्या उल्केच्या धक्क्याने बर्फ वितळून त्याला जाग आली, तरच गणित जमतं.

या सगळ्यावर ‘पृथ्वीवर जीव कुठेही सापडतो, तसा तिथेही सापडेल’ असं एक ठरलेलं उत्तर असतं. ते पूर्ण खरं नाही. अंटार्क्टिकातल्या युनिव्हर्सिटी व्हॅलीत वर्षाची सरासरी उणे २३ अंश आहे, जमिनीतलं पाणी कधी द्रव होत नाही. २०१६ मध्ये तिथली गोठलेली माती तपासणाऱ्यांना पेशी सापडल्या, पण त्या काही करत असल्याची खूण मिळाली नाही. बहुधा वाऱ्याने येऊन पडलेल्या, तगलेल्या किंवा मेलेल्या. २०२१ मध्ये शॅकल्टन हिमनदीच्या आसपासच्या मातीच्या काही नमुन्यांत तर आजच्या पद्धतींनी काहीच सापडलं नाही. चार अब्ज वर्षं जीवसृष्टीने भरलेल्या पृथ्वीवरही थंडी आणि कोरड एकत्र आली की जीव हरतो. आणि मंगळ त्या दरीहून कितीतरी वाईट आहे.

मग खणायचं कशाला? कारण ही सगळी गणितं वरच्या पापुद्र्याची आहेत.

दक्षिण आफ्रिकेतल्या म्पोनेंग सोन्याच्या खाणीत २.८ किलोमीटर खोल, ६० अंश तापमानाच्या पाण्यात, एका जिवाणूचं जवळजवळ एकट्याचं राज्य आहे. त्याची माहिती २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. ऊन नाही, प्राणवायू नाही, वरून अन्न येत नाही. त्याची चूल वेगळी आहे: खडकातलं युरेनियम हळूहळू फुटतं, त्या किरणांनी पाणी तुटतं, हायड्रोजन सुटतो, आणि हायड्रोजन व सल्फेट यांच्यावर त्याचा संसार चालतो. मंगळाच्या खडकांतही युरेनियम, थोरियम, सल्फेट आहे, आणि २०२१ मध्ये मंगळाच्या उल्कांवरून केलेल्या हिशेबात असा हायड्रोजन खाली पुरेसा तयार होऊ शकतो असं निघालं. लागतं ते फक्त पाणी. इनसाइट यानाने टिपलेल्या भूकंपलहरींवरून २०२४ मध्ये काही भूशास्त्रज्ञांनी मांडलं, की साडेअकरा ते वीस किलोमीटर खोलीवरच्या भेगांत द्रव पाणी असावं. ते सिद्ध झालेलं नाही, पण उडवून लावण्यासारखंही नाही.

आपल्या पायाखालीच याचा एक नमुना आहे. कोयनेच्या भूकंपांचा अभ्यास करायला सातारा जिल्ह्यात खोल बोअर मारले गेले, एक तीन किलोमीटरचा. वर बसाल्टचा कातळ, कुठे चारशे मीटर तर कुठे बाराशेच्या वर, आणि त्याखाली अब्जावधी वर्षांचा ग्रॅनाइटी पाया. त्या बोअरमधून काढलेल्या खडकाच्या गाभ्यांत भारतीय सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांना जिवाणू आणि आर्किया (जिवाणूंसारखेच दिसणारे, पण वेगळ्या कुळातले सूक्ष्मजीव) सापडले आहेत. दख्खनचा बसाल्ट आणि मंगळाचा बसाल्ट सख्खे भाऊ नसले तरी चुलत नक्कीच आहेत, म्हणून हा अभ्यास नुसता भूकंपाचा राहत नाही. लोणारचं तसंच आहे: बसाल्टमध्ये उल्केने पाडलेलं, सुमारे अठराशे मीटर रुंदीचं खळगं, आत खारं अल्कधर्मी पाणी. जून २०२० मध्ये ते गुलाबी झालं तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने त्याचं कारण खाऱ्या पाण्यातल्या आर्कियांकडे दाखवलं. मंगळावर उल्केच्या खळग्यातलं तळं आटलं तर आत काय उरतं, हे शिकायला विमानाने अंटार्क्टिकाला जावं लागत नाही.

आता खरी लाजिरवाणी गोष्ट. मंगळावर एवढी यानं उतरली, पण कातळात भोक पाडून नमुना काढायची आपली मजल सहा-सात सेंटीमीटरची. क्युरिऑसिटीचा ड्रिल तेवढाच जातो, पर्सिव्हिअरन्स रोव्हरचे गाभे तेवढेच लांब. इनसाइटने २०१९ मध्ये पाच मीटर खोल जायचा प्रयत्न केला. यंत्र साधं होतं: चाळीस सेंटीमीटरचा टोकदार दांडा, आत हातोडा, ठोक्यागणिक खाली. पण हातोडा खाली बसतो तसा दांडा उलट वर उसळतो, आणि ती उसळी थोपवायला भोवतालच्या मातीने त्याला घट्ट धरावं लागतं. रेतीसारखी भुसभुशीत, ढासळून बसणारी माती अपेक्षित होती. तिथे निघाली वरून पापुद्रा धरलेली, गुठळ्यांची, आपल्याकडच्या ओल गेलेल्या मुरमासारखी. दांड्याभोवती खड्डाच पडला, पकड सुटली, आणि तो जागच्या जागी नाचत राहिला. यानाच्या हाताने त्याला बाजूने दाबून, वरून ढकलून पाहिलं. जानेवारी २०२१ मध्ये तो नाद सोडला तेव्हा दांड्याचं डोकं जेमतेम जमिनीखाली गेलं होतं. अशी खोली गाठून आपण ‘मंगळ मेलेला आहे’ किंवा ‘जिवंत आहे’ असं म्हणणार असू, तर विहीर न खणता फावड्याने माती उकरून गावात पाणी नाही म्हणण्यासारखं आहे.

दोन मीटर का, दहा का नाहीत? दोन मीटरचं यंत्र तयार आहे, हे पहिलं कारण. युरोपच्या रोझालिंड फ्रँकलिन रोव्हरवर दोन मीटरचा ड्रिल आहे. रशियाशी संबंध तुटल्यामुळे २०२२ ची त्याची फेरी हुकली आणि आता २०२८ ठरली आहे. चीनची थ्येनवन-३ ही मोहीमही २०२८ मध्ये निघून दोन मीटरवरचा नमुना पृथ्वीवर आणायच्या तयारीत आहे. दुसरं कारण किरणांचं: पहिल्या मीटरभरात सेंद्रिय रेणूंची सर्वाधिक नासाडी होते, त्याखाली जुना पुरावा टिकायची शक्यता झपाट्याने वाढते. दोन मीटरवर जिवंत काही सापडेल असं मला वाटत नाही. पण कधीकाळी जिवंत होतं का, हे तिथे कळू शकतं.

आता दुसरी बाजू: आपण सोबत काय नेतो. १९६७ च्या अंतराळ कराराचं नववं कलम इतर ग्रहांना घातक संसर्ग टाळायला सांगतं, भारतही त्याला बांधलेला आहे, आणि आकडे कोस्पार ही अंतराळ-संशोधनाची आंतरराष्ट्रीय संस्था ठरवते. मंगळावर उतरणाऱ्या साध्या यानावर एकूण ३ लाखांपेक्षा जास्त जिवाणू-बीजाणू (जिवाणूंची कवचबंद, झोपलेली रूपं) नकोत, दर चौरस मीटरला ३०० पेक्षा जास्त नकोत. हे मोजतात कसं, ते बघण्यासारखं आहे. ओल्या कापसाच्या बोळ्याने पाच बाय पाच सेंटीमीटरची जागा पुसतात. बोळा पाण्यात टाकून ध्वनिलहरींनी हलवतात. ते पाणी ८० अंशांवर पंधरा मिनिटं तापवतात, म्हणजे साधे जिवाणू मरून फक्त बीजाणू उरावेत. मग ते अगारमध्ये ओतून ३२ अंशांवर तीन दिवस ठेवतात आणि ठिपके मोजतात.

पद्धत जुनी, खात्रीची, आणि तिच्यातली भोकंही तेवढीच जुनी. ३२ अंशांच्या उबेत, प्राणवायूत, पोषक द्रव्यावर तीन दिवसांत वाढणारेच त्यात दिसतात. थंडीत सावकाश वाढणारे, प्राणवायू नकोसे असणारे, अगारवर कधीच न वाढणारे मोजणीतून सुटतात. आणि मंगळाच्या खोलीत तगायला लायक असतील तर हेच. क्लीनरूमची, म्हणजे यान जुळवायच्या धूळमुक्त कक्षाची, सफाईही एक प्रकारची निवड करते. फ्लोरिडातल्या आणि फ्रेंच गयानातल्या, एकमेकींपासून हजारो किलोमीटर लांब असलेल्या दोन यान-कक्षांत एकच नवा जिवाणू सापडला. २०१३ मध्ये त्याला टर्सिकॉकस फिनिसिस हे नाव मिळालं. उपासमार, कोरडी हवा, फिनेल-पेरॉक्साइडचा मारा यांतून जे वाचतात तेच यानावर बसून जातात. पुसून-पुसून आपण त्यांतले पैलवान निवडतो.

अमेरिकेच्या व्हायकिंग या मंगळावर उतरलेल्या यानांच्या वेळी, १९७५ मध्ये, अख्खं यान ११२ अंशांच्या आसपास तीसएक तास भट्टीत ठेवलं होतं. नंतर खर्च आणि नाजूक इलेक्ट्रॉनिक्स यांच्या नावाखाली ती शिस्त सैल झाली. क्युरिऑसिटीच्या वेळी ड्रिलच्या टोकांची निर्जंतुक पेटी उड्डाणापूर्वी उघडून एक टोक आधीच बसवलं गेलं. कारण व्यवहाराचं होतं: उतरताना यंत्रणा बिघडली तर निदान एका टोकाने काम चालावं. पण संसर्ग-नियंत्रण अधिकाऱ्यांची संमती आधी घेतली गेली नाही, आणि मग त्या मोहिमेला बर्फाजवळ जायला बंदी घालावी लागली. खासगी उड्डाणांचं तर विचारूच नका. २०१९ मध्ये चंद्रावर आपटलेल्या इस्रायली यानात एका खासगी संस्थेने कुणाला फारसा पत्ता न लागू देता जलअस्वलं (वाळूनही तगणारे सूक्ष्म प्राणी) ठेवून दिली होती. चंद्र होता म्हणून निभावलं.

माणसाचं काय? एका माणसाच्या अंगावर आणि पोटात मिळून साधारण ३८ लाख कोटी जिवाणू असतात. यानाची मर्यादा ३ लाख. माणसाला भट्टीत घालता येत नाही. स्पेससूटचे सांधे झिरपतात, दाराच्या कक्षातली हवा बाहेर सुटते, मैला कुठेतरी ठेवावा लागतो. माणूस उतरला की त्या जागेपुरता संसर्ग-नियंत्रणाचा प्रश्न संपला. म्हणून कुठे उतरतो हेच महत्त्वाचं.

आणि गाडं नेमकं इथे अडतं. माणसाला मंगळावर राहायचं तर पाणी लागतं. प्यायला थोडं, पण परतीच्या इंधनाला फार: हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि पाण्यातला हायड्रोजन यांपासून मिथेन करायचा, मोठं यान परत उडवायचं, तर शेकडो टन बर्फ वितळवावा लागेल. मध्य-अक्षांशांवर तो मीटर-दोन मीटर मुरमाखाली आहे. २०२१ च्या डिसेंबरात पडलेल्या एका उल्केने ३५ उत्तर अक्षांशाजवळ दीडशे मीटरचं खळगं पाडून तो उघडा केला. त्यामुळे वस्तीच्या नकाशांवर अर्केडिया, अ‍ॅमेझोनिस अशी बर्फाची मैदानंच उजळलेली असतात. बर्फ उपसायची सुचवलेली पद्धत दक्षिण ध्रुवावरच्या अमेरिकी तळावर रोज वापरात आहे: बर्फात गरम पाण्याने विहीर पाडायची, खाली वितळलेल्या पाण्याचा डोह तयार करायचा, तो गरम ठेवायचा आणि वर उपसत राहायचं.

कोस्पारच्या व्याख्येत मंगळावरची ‘खास जागा’ म्हणजे जिथे तापमान उणे २८ च्या वर आणि पाण्याची सक्रियता ०.५ च्या वर. अशी जागा मंगळावर निसर्गतः जवळजवळ कुठेच नाही, हे वर पाहिलं. तो उबदार डोह मात्र तशी जागा आहे. अतिनील किरणांपासून झाकलेला, दाबाखाली, गोड्या पाण्याचा, आणि वर माणसांचा तळ. अब्जावधी वर्षं ज्या ग्रहावर ऊब आणि ओल एकत्र आली नाही, तिथे आपण दोघींचं लग्न लावून देणार, आणि वऱ्हाडात आपले जिवाणू.

या भूमिकेवर दोन आक्षेप दमदार आहेत. पहिला: मंगळ आणि पृथ्वी यांच्यात दगडांची देवाणघेवाण निसर्गच करतो. बिहारमधल्या शेरघाटीजवळ १८६५ मध्ये पडलेली उल्का मंगळाची निघाली, आणि त्या जातीच्या दगडांना तिच्यावरूनच शेरगॉटाइट म्हणतात. मग आपल्या चार जिवाणूंनी काय बिघडणार? बिघडतं ते प्रश्नाचं. मंगळावर आपल्यासारखाच जीव सापडला तर तो उल्केवर बसून गेलेला चुलता आहे, आपल्याकडे आलेला पूर्वज आहे, की गेल्या दशकातला पाहुणा, हे वेगळं काढता यायला हवं. ‘जनुकं वाचून काढू’ हे उत्तर भरपूर पेशी मिळाल्या तर बरोबर आहे. चार पेशींच्या नमुन्यात तीन आपल्या निघाल्या की उरलेल्या एकीवर कोण विश्वास ठेवणार? व्हायकिंगने १९७६ मध्ये किरणोत्सारी कार्बन घातलेलं पोषक द्रव्य मातीत टाकलं, वायू सुटला, आणि पन्नास वर्षं झाली तरी तो जीव होता की क्षारांची रासायनिक खोडी, यावरचा वाद पुरता मिटलेला नाही. तेही भट्टीतून काढलेल्या यानाचं.

दुसरा आक्षेप: संसर्ग तर होऊन गेला, १९७१ मध्ये सोव्हिएत मार्स-२ आपटलं, नंतर आणखी चार-पाच. खरं आहे. पण ती यानं कोरड्या, अतिनील किरणांनी भाजलेल्या पृष्ठभागावर विखुरली, आणि धुळीखाली सरकलेले बीजाणू तिथल्या तिथे तगून असले तर असोत. गरम विहिरीतून खाली सोडलेल्या पाण्याशी त्यांची तुलना होत नाही. अंगणात सांडलेलं आणि विहिरीत सांडलेलं सारखं नसतं.

वस्तीच्या घाईचाही हिशेब एकदा मांडावा. पर्सिव्हिअरन्सवरच्या मॉक्सी यंत्राने मंगळाच्या हवेपासून ८०० अंशांवर प्राणवायू काढून दाखवला, झकास काम. २०२१ ते २०२३ या काळात सोळा वेळा चालवून एकूण १२२ ग्रॅम. माणसाला दिवसाला ८४० ग्रॅम लागतो. म्हणजे साडेतीन तासांचा श्वास. ग्रहच बदलून टाकू म्हणणाऱ्यांसाठी २०१८ चा हिशेब आहे: हाताशी येण्यासारखा सगळा कार्बन डायऑक्साइड हवेत सोडला तरी दाब २० मिलिबारच्या आसपास अडतो. ६३ मिलिबारखाली माणसाच्या अंगातल्या उबेने पाणी उकळतं. म्हणजे सूट काढता यायचा नाही. पाच-दहा वर्षं थांबल्याने या वस्तीचं काही नासत नाही.

आणि थांबण्यासारखं कारण समोर आहे. पर्सिव्हिअरन्सला जेझेरो खळग्यात येणाऱ्या जुन्या नदीच्या पात्रात, २०२४ च्या जुलैत, बिबट्याच्या कातडीसारखे ठिपके असलेला चिखलखडक सापडला. ठिपक्यांत व्हिव्हिअनाइट आणि ग्रेगाइट ही लोहखनिजं असावीत असं दिसलं. पृथ्वीवर ती बरेचदा जिवाणूंच्या खाण्यापिण्यातून तयार होतात, पण जिवाशिवायही होऊ शकतात. निकाल पृथ्वीवरच्या प्रयोगशाळेतच लागेल. त्या खडकाचा गाभा नळीत बंद होऊन पडला आहे, आणि तो आणायचा कार्यक्रम ११ अब्ज डॉलरच्या अंदाजाखाली दबला. अमेरिकेच्या २०२६ च्या अर्थसंकल्पाच्या प्रस्तावात तो गुंडाळायचीच शिफारस होती. त्याच प्रस्तावात माणसाला मंगळावर न्यायच्या तयारीसाठी नवे पैसे मात्र होते.

यात भारताने काय करावं, हे मंगळयानासारखं सोपं उरलेलं नाही. मंगळयान कक्षेत फिरणारं यान होतं, त्याला फक्त काही दशकं ग्रहावर आपटायचं नाही एवढंच सांभाळायचं होतं. उतरणाऱ्या यानाचं तसं नसतं. सफाई शेवटच्या महिन्यात उरकता येत नाही, ती आराखड्याच्या पहिल्या कागदावर यावी लागते. लिथियम-आयन बॅटरी ११० अंश सोसत नाही, म्हणून तिचं बाह्यांग पेरॉक्साइडच्या वाफेने साफ करावं लागतं आणि ती वाफ कोपऱ्यात पोचेल अशी जागा ठेवावी लागते. वायरच्या जुड्यांचं आवरण, गोंद, उष्णतारोधक, घडी घालून दाबलेलं पॅराशूट, प्रत्येकाची भट्टीची मर्यादा वेगळी. एक चुकीचा गोंद निवडला की अख्खा भाग भट्टीबाहेर राहतो आणि बोळ्यावर भिस्त ठेवावी लागते. कायद्याचंही तेच. करारानुसार खासगी कंपनीने केलेल्या संसर्गाची जबाबदारी तिच्या देशावर येते. आपल्याकडे २०२३ चं अंतराळ धोरण आहे, पण संसदेने केलेला अंतराळ कायदा अजून नाही. तो होईल तेव्हा इतर ग्रहांवर जाणाऱ्या प्रत्येक खासगी पेटीची तपासणी कुणी, कुठे, कोणत्या मर्यादेवर करायची, हे कलम त्यात पहिल्या दिवसापासून हवं. आणि बर्फाच्या पट्ट्यात जाणाऱ्या मोहिमेला कापसाचा बोळा पुरणार नाही, भट्टीच लागेल, असं त्यात स्पष्ट लिहिलेलं हवं.